मदत हवी आहे: स्पोर्टिंग क्लेसाठी कोणती सेमी-ऑटो शॉटगन घेऊ?

मी टेक्सासमध्ये राहते. वर्षभर दर रविवारी रेंजवरची भाड्याची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची शॉटगन) घेऊन स्पोर्टिंग क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या (क्ले) टिपण्याचा खेळ, खेळतेय. 100 क्लेच्या राउंडमध्ये सत्तराव्या क्लेनंतर खांदा ठणकायला लागतो, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि सोपे क्लेही सुटतात. वरून चढवायचं रबरी पॅड लावून पाहिलं, 1 औंस छऱ्यांची हलकी काडतुसं वापरली. फरक थोडाच पडला.

म्हणून 12 बोअरची, 30 इंची नळीची सेमी-ऑटो (एक झाडल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घ्यायची आहे. बेरेटाच्या ए400 एक्ससेल आणि ए300 अल्टिमा, दोन्ही गॅसवाल्या (काडतुसाच्या वायूवर चालणाऱ्या, त्यामुळे धक्का सौम्य), खांद्याला लावून पाहिल्या. ए400 लगेच बसली, नजर थेट रिबवर (नळीवरच्या पट्टीवर) गेली. पण ती बरीच महाग. इनर्शियावाली (वायूऐवजी बंदुकीच्या धक्क्यावरच चालणारी) बेनेली कमी घाण होते हे खरं, पण हलकी असल्याने धक्का जास्त बसेल, त्यामुळे मन तिकडे वळत नाही.

मी उजव्या हाताची, उंची 5 फूट 2 इंच. शिकार करत नाही, बजेट 2000 डॉलर.

दोन्ही गॅसवाल्या वापरलेल्यांनी कृपया सांगा: पूर्ण राउंडनंतर खांद्याला ए400 मध्ये खरंच फरक जाणवतो का? आणि ए300 पाऊण औंसाच्या आसपासच्या काडतुसांवर न अडकता चालते का?