पाटभर जागेत गोधडी

विषय: पसरायला जागा नाही, गोधडी अडलीय

नमस्कार मंडळी,

मार्चअखेरपर्यंत मुक्काम सोलापुरात, साखर पेठेत. दोन खोल्या, खिडकीशी पायमशीन आणि तिच्यापुढे एक पाट मावेल एवढीच मोकळी जमीन. सामान असं: दोन जुन्या नऊवारी, एक इरकल, एक सुती पाचवारी आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातून आलेलं तुकड्यांचं गाठोडं. साधारण सव्वापाच बाय सव्वासात फुटांची गोधडी करून बॅगेतून परत न्यायची आहे. चौकोन जोडता येतील, पण अख्खी गोधडी पसरून टाचायची कुठे? मशीनच्या हाताखालून तेवढी गुंडाळी जाईल का?

उत्तर: पसरायला जागा नाही, गोधडी अडलीय

अगं, अख्खी पसरूच नकोस. एकेक चौकोन थरांसकट आधी पुरा शिवून टाक आणि मग असे तयार चौकोन एकमेकांना जोड. मशीनखाली कधीही हातभर कापडापेक्षा जास्त येणार नाही.

हिशेब देते. आडवे ५, उभे ७, म्हणजे ३५ चौकोन. वरच्या बाजूला प्रत्येकात चार तुकडे, पावणेसात इंचांचे. पाव इंच शिवण धरून जोडले की १३ इंचांचा चौकोन होतो. आतल्या आणि खालच्या थरांचे चौकोन साडेतेरा इंचांचे काप. चारी थर शिवून झाले की कडा छाटून साडेबारावर आण. आधीच साडेबाराचं कापलंस तर फसशील, कारण टाके पडले की कापड आत ओढलं जातं आणि चौकोन कमी भरतो.

काठ सोडून साडीच्या पन्ह्यात साडेतेराचे तीन चौकोन बसतात. पाठीला ३५ हवेत, म्हणजे १२ ओळी, १६२ इंच. तेवढं पाचवारीत सहज निघतं. आत दोन थर, म्हणजे ७० चौकोन, २४ ओळी, ३२४ इंच. बरोबर नऊ वार! पण जुन्या नऊवारीचा बसायचा भाग विरलेला असतो, तो टाकावा लागतो. तिथे पाचवारीचा उरलेला तुकडा लाव. वरचे १४० तुकडे दुसऱ्या नऊवारीतून आणि इरकलच्या अंगातून काढ. इरकलचा पदर यात घालू नकोस. तो रेशमी असतो, सुतासारखा आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात शेजारच्या तुकड्याला चुण्या पडतात.

गणवेशाचे तुकडेही बाजूला ठेव. ते बहुतेक टेरिकॉट असतं. सुताला लागते तेवढी गरम इस्त्री त्याला सोसत नाही, चकाकी येते, आणि शिवणीत ते सुताशी जमवून घेत नाही. त्यांच्या पिशव्या कर.

मशीनला १६ नंबरची सुई, टाका मोठा, इंचाला आठ-नऊ. दाबपट्टीच्या दांड्यावरचा स्क्रू थोडा सैल कर. दाब जास्त राहिला की खालचे दाते खालचं कापड ओढतात, दाबपट्टी वरचं पुढे ढकलते आणि शेवटी फुगा येतो. पहिली ओळ मधोमध मार, मग दोन्ही बाजूंना इंचाइंचावर, सगळ्या ओळी एकाच दिशेने.

जोडणीला नवं सुती कापड घे. चाटी गल्लीत दोन मीटर घेतलंस की जोडाच्या पट्ट्या आणि गोट, म्हणजे चारी कडांची पट्टी, दोन्ही निघतात. आधी धुऊन आटवून घे. झीज जोडावरच होते, म्हणून इथे जुनी साडी नको. वरची पट्टी एक इंचाची. खालची पावणेदोन इंचांची, दुमडून इस्त्री केलेली. एका चौकोनाच्या कडेला वरून एक इंची पट्टी सुलट बाजू आत करून ठेव, खालून दुमडलेली ठेव, दोन्हींच्या कापलेल्या कडा चौकोनाच्या कडेशी जुळव आणि पाव इंचावर एकच शिवण मार. मग वरच्या पट्टीची मोकळी कड दुसऱ्या चौकोनाला पाव इंचावर शिव. उलगडलं की दोन्ही चौकोनांच्या कडा पट्टीखाली अर्ध्या इंचात एकमेकींना भिडतात. जोड जाड होत नाही. खालची पट्टी त्यावर ओढून हाताने तुरपाई कर. ती मशीनने मारायला गेलीस तर मात्र अर्धी गोधडी हाताखाली कोंबावी लागते.

आधी पाच-पाचच्या सात ओळी जोड. मग तीन ओळींचा एक भाग, चारचा दुसरा. शेवटची मोठी शिवण एकच उरते आणि तिलाही सगळं ओझं सुईच्या डावीकडेच राहतं. तिथे मशीनच्या उंचीचं स्टूल ठेव. कापड लोंबकळलं की टाके आखडतात, सुई मोडते.

रंगांची मांडणी बघायला सोलापुरी चादर कपाटाच्या दारावर टाक आणि तुकडे टाचणीने तिच्यावर लाव. झोपताना तुकड्यांसकट घडी करता येते. दुसरी जुनी चादर चौपदरी करून पाटावर घातलीस की इस्त्रीचं टेबल झालं.

— जुळे सोलापूरहून

उत्तर: पसरायला जागा नाही, गोधडी अडलीय

सगळं पटलं, पण मशीनला बसण्याआधी साडी तपास. दोन्ही अंगठ्यांत धरून ताण. चर्र झाली तर मशीन नकोच. सुईची भोकं जवळजवळ पडतात आणि विरलेलं कापड त्या ओळीतच फाटतं. तिथे हाताचा धावदोराच हवा. अशा गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात, शेजारच्या कानडी घरांत कौदी. तीही मांडीवरच होते.

थर टाचायला दोन पडद्याच्या काठ्या घे. खालची साडी एका काठीवर गुंडाळ, वरची दुसरीवर. पाटावर वीतभर उलगड, मधले थर हाताने सपाट कर, चार-चार बोटांवर लांब टाके घाल, पुढे सरक. चुण्या मागे राहत नाहीत.

मग शिवण कडेपासून आत. चारी बाजू आधी आत दुमडून बंद कर, म्हणजे गोट लावायला नको. ओळी बोटभर अंतरावर, टाका पाव इंच, दोरा दुहेरी आणि मेण लावलेला. कोपऱ्याला सुई कापडातच ठेवून वळ. दोरा खेचून घट्ट केलास तर मध्यभागी पोट येतं आणि ते शेवटी कापूनही जात नाही.

— अक्कलकोट रोडच्या काकू

उत्तर: पसरायला जागा नाही, गोधडी अडलीय

ताई, काकू, नऊवारी दोन्ही ताणून पाहिल्या, टिकल्या, म्हणून मशीनच. सहा चौकोन झाले, पण त्यातले दोन छाटल्यावर सव्वाबाराच भरतात. आणि इरकल तीन धुण्यांनंतरही रंग सोडते. मिठाच्या पाण्यात घालू का?

उत्तर: पसरायला जागा नाही, गोधडी अडलीय

सगळेच सव्वाबाराला छाट. लहान चौकोन ताणून मोठ्याला जोडू नकोस, जोड वाकडा जातो. गोधडी रुंदीला सव्वा इंच आणि लांबीला पावणेदोन इंच कमी होईल, बस. पट्ट्यांची मापं तीच राहतील.

मिठाने सुटणारा रंग थांबत नाही. ओल्या इरकलवर पांढरी चिंधी ठेवून इस्त्री फिरव. चिंधी रंगली तर ती साडी या गोधडीत नको. तिच्याऐवजी पाचवारीचे उरलेले तुकडे वर घे, आणि कमी पडले तर चाटी गल्लीतून आणखी मीटरभर सुती आण.