मदत हवी आहे : काँग्रेसमनमार्फत निधी, २०% स्थानिक वाटा कशातून दाखवायचा?

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपची मुख्य जलवाहिनी बदलायची आहे. अर्थवर्ष २०२५ साठी काँग्रेसमननी (अमेरिकी संसदेतल्या आमच्या प्रतिनिधींनी) ‘कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग’मध्ये, म्हणजे ठराविक स्थानिक कामासाठी फेडरल अर्थसंकल्पातून मागायच्या निधीत, मागणी लावली होती, मार्च २०२५ मध्ये वर्षभराचा सीआर (नव्या अर्थसंकल्पाऐवजी जुनाच खर्च पुढे चालू ठेवणारा कायदा) मंजूर झाला आणि सगळ्यांच्याच मागण्यांबरोबर तीही गेली. आता नव्याने अर्ज करतोय. ठराव, इंजिनिअरचं अंदाजपत्रक, पाठिंब्याची पत्रं ताज्या तारखेची आहेत. दोन्ही सिनेटरांकडेही अर्ज दिलाय.

अडलंय ते वाट्यावर. खातं ईपीएचं (फेडरल पर्यावरण संरक्षण संस्थेचं) ‘स्टॅग’ हे अनुदानाचं, म्हणजे खर्चाचे २०% आपले. तेवढी रोकड नाही, हा वाटा माफ होईल या भरवशावर राहायचं नाही. राज्याच्या रिव्हॉल्व्हिंग फंडातून (परतफेडीचा पैसा पुन्हा कर्जाऊ देणाऱ्या निधीतून) कर्ज मिळू शकतं. त्यातला फेडरल पैसा वाट्यात धरत नाहीत, हे ठाऊक आहे; पण जुन्या कर्जांच्या परतफेडीतून आलेली रक्कम चालते का? आणि तसं लेखी कोणाकडून घ्यायचं, राज्याकडून की ईपीएच्या विभागीय कार्यालयाकडून?