वाडीतल्या मुलांना पखवाज शिकवायचाय, सुरुवात कशी करू?

खाडीकाठ (देवगड)
आमच्या भजन मंडळात पखवाजाला एकच काका, वय सत्तरच्या पुढे. गणपतीत चाकरमानी आले की मंडळ भरतं, एरवी काका आजारी पडले तर गुरुवारचं भजन नुसत्या टाळांवर. मी पेटी वाजवतो. देवळात वर्ग सुरू करायचाय. नऊ मुलं तयार, पखवाज दोनच. परीक्षेचा अभ्यासक्रम धरू की थेट भजनाचे ठेके?

पखवाजी (आचरा)
दादा, दोन पखवाज पुष्कळ झाले. पहिला महिना हातावर टाळी धरून बोलच म्हणून घ्या. चौताल घ्या: धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन. बारा मात्रा, टाळी १, ५, ९, ११ ला, काल (म्हणजे खाली, टाळी न वाजवता हात रिकामा) ३ आणि ७ ला. ज्याचं तोंड चुकत नाही, त्याचा हात लवकर बसतो.

परीक्षेचं म्हणाल तर माझ्या हातून झालेली चूक सांगतो. पहिल्या तुकडीला मी दोन वर्षं फक्त अभ्यासक्रम शिकवला. एक मुलगा 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाला. भजनाला बसवला, बुवांनी गजर उचलला, लय चढली आणि त्याचा हात थांबला. सगळ्या वाडीसमोर. तो पुन्हा वर्गाला आला नाही. दोष माझाच, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवायला मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. आता दुसऱ्या महिन्यापासून दर गुरुवारी एक मूल पखवाजाला बसतं. एकच संथ अभंग, चुकला तरी शेवटपर्यंत. गजर नंतर, तोही मी शेजारी बसून.

परीक्षा जरूर द्यायला लावा, त्याने शिस्त येते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत असतात. तुमच्याकडे आंब्याच्या दिवसांत मुलं बागेत असणार, तेव्हा दुसरं सत्र धरा.

पावसात पान (तोंडावरचं कातडं) उतरतं, पखवाज कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा. आणि धुमेवरची (डाव्या तोंडावर लावतात ती) कणीक वाजवून झाल्यावर लगेच काढायची. हे काम मुलांकडेच द्या. राहिली तर सुकून कडक होते, वर उंदीर पान कुरतडतात.

चाकरमानी (डोंबिवली)
मुलींनाही बसवा हो. माझ्या बहिणीला हौस होती, तिच्या हातात कायम झांजच दिली. माझा पखवाज इथे माळ्यावर पडून आहे, गणपतीला येताना घेऊन येतो.

खाडीकाठ (देवगड)
नवांत तीन मुली आहेत. पखवाजाबद्दल खूप आभार. पखवाजीबुवा, तुमचं सगळं काकांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्या गुरवारी एकाक माझ्या बाजूक बसव. कणीक मळूक तोच."