जुनी गाडी मिस्त्रीकडे द्यावी की स्टुडिओकडे? माझं मत मिस्त्रीच्या विरोधात

घाटमाथा
वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. स्टिअरिंगवरचा गिअर, कागद माझ्या नावावर, वडील जाऊन सहा वर्षं झाली. ती सांगलीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे दिली आणि दोन वर्षं सात महिन्यांनी सुट्या भागांच्या रूपात टेम्पोत घालून परत आणली. आता पुण्यातल्या एका रिस्टोरेशन स्टुडिओला, म्हणजे जुन्या गाड्या पुन्हा मूळसारख्या करून देणाऱ्या मोठ्या दुकानाला, द्यायचं ठरवतोय. त्यांचा आकडा ११ लाख. मिस्त्रीनं ‘तीनात बसवू’ म्हटलं होतं. घरचे म्हणतात डोकं फिरलंय, फिरलं असेलही.

मिस्त्रीच्या हाताबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. पुढच्या मडगार्डचा पोचा त्यानं माझ्यासमोर काढला. आतून लोखंडी ठोकळा, बाहेरून हातोडी, टक टक टक, मधेच डोळे मिटून तळहात फिरवायचा. अर्ध्या तासानं मी बोट फिरवलं तर पोचा कुठं होता ते सापडेना. पण ज्या दिवशी गाडी खोलली त्या दिवशी सगळे नट-बोल्ट पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात गेले. त्याच डब्यात शेजारच्या जीपचेही होते. दरवाजाचे, बंपरचे, डॅशबोर्डचे, सगळ्यांचं एकच कडबोळं. पुढची जाळी विचारली तर, ‘असंल की इथंच, कुणी न्हेतंय?’ अजून मिळालेली नाही. मजुरीची नोंद सिगारेटच्या पाकिटावर.

म्हणून माझं म्हणणं असं की दुकान निवडताना हात बघू नका, वही बघा. खोललेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, टप्प्याटप्प्यानं बिल, माल वेगळा, मजुरी वेगळी. हे जिथं नाही तिथं कारागीर कितीही देवमाणूस असो, गाडी सोडू नका.

नानापेठकर
वही बघून गाडी द्यायची? मग सीएकडे द्या की!

साहेब, जुन्या गाड्यांचे पार्ट विकण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे पडद्यामागचं थोडं माहीत आहे. स्टुडिओ म्हणजे चकचकीत फरशी, काचेच्या पलीकडे उभी एक लाल गाडी आणि कॉफी. तुमची गाडी तिथे खोलतात, एवढं खरं. पुढे पत्र्याचं काम भोसरीकडच्या एखाद्या शेडमध्ये जातं, क्रोम प्लेटिंगवाल्याकडे, इंजिनचा ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे, सीटा बाहेरच्या टेलरकडे. करणारे हात तेच, तुमच्या मिस्त्रीचेच भाऊबंद. मधला माणूस फक्त पिशवीवर चिठ्ठी लावतो आणि त्या चिठ्ठीचे तुम्ही आठ लाख देताय.

आणि हे हात आता राहिलेत किती? मुंबईत काळी-पिवळी होती तोवर गल्लोगल्ली फियाट डोळे झाकून खोलणारे होते. २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये ती २० वर आली, आणि शेवटची नोंदलेली पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेली तसा मालही गेला आणि माणसंही. जो सांगलीत बसून अजून मडगार्ड हातानं काढतोय त्याला तुम्ही डब्यातल्या नटांवरून नापास केलंत. डबे तुम्ही घेऊन जायचे होते. शंभर रुपयांत पन्नास मिळतात.

घाटमाथा
@नानापेठकर, मी कॉलेजात शिकवतो, डबे पुरवणं हे माझं काम आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण काम बाहेर जातं हा मुद्दा लागला. स्टुडिओला उद्याच विचारतो.

सांगलीची_सून
माझा अनुभव दोन्ही पक्षांना न आवडणारा आहे. सासऱ्यांची पद्मिनी आम्ही एका मोठ्या दुकानात दिली (नाव सांगत नाही). अल्बम दिला, पेन ड्राइव्ह दिला, पेढेही दिले. तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या चाकाच्या वरच्या कमानीला फोड आले. मुलानं फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक काढून गाडीला लावला. दरवाजाला चिकटला, बॉनेटला चिकटला, कमानीवरून मात्र बाप्पा सरळ खाली. आत सगळी लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी! सडका पत्रा कापलाच नव्हता, त्यावर बोटभर लांबी थापून वर टू-पॅकचा रंग मारलेला. अल्बममध्ये त्या कोपऱ्याचा फोटो नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं. वही होती हो, पण त्यात नेमकं तेच पान नव्हतं.

पाइपरोडचा_पप्पू
बाप्पा सरळ खाली 😂 ताई, हसतोय पण वाईट वाटलं.

मुद्द्यावर येतो. मी कुर्ल्याचा, आमच्या मागच्याच बाजूला या गाड्या बनायच्या. वडील पत्र्याचं काम करायचे, मी सोडलं. फियाटला खाली वेगळी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, नसते. अँबेसिडरचंही तेच. म्हणजे बॉडी हीच गाडीची हाडं. दरवाज्याखाली जो पेटीसारखा लांब पत्रा जातो तो सगळा भार घेतो आणि पाणी साचून सडतोही तोच पहिला. तो कापला की गाडी मधून बसते, दोन-चार मिलिमीटरच, पण नंतर दरवाजा जन्मात नीट लागत नाही.

तर कुठल्याही दुकानात जाऊन एकच विचारा: ‘खालची पेटी कापताना काय करता?’ जो म्हणेल ‘कापतो आणि नवीन लावतो’ त्याला नमस्कार करून निघा. जो म्हणेल आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्ड करून बॉडी बांधून घेतो, एका वेळी एकच बाजू कापतो आणि मधे मधे दरवाजा लावून फट बघतो, त्याच्याकडे स्टुडिओ असो नाहीतर पत्र्याची शेड, गाडी द्या.

आणि तयार गाडी बघायला जाऊच नका. रंग मारला की सगळ्याच नवऱ्या सुंदर. अर्धी कापलेली बघा. दाखवत नसतील तर समजा.

नानापेठकर
पप्पूशेठ, लाख बोललात. आता हा प्रश्न घाटमाथा साहेबांनी सांगलीच्या मिस्त्रीला विचारला होता का?

घाटमाथा
नव्हता. मला पेटी असते हेच माहीत नव्हतं. पण त्यानं बांधून कापली होती, हे आता फोटो बघून कळतंय. चौकटीत पाइपचे तुकडे अजून आहेत, मला वाटलं भंगार अडकलंय.

जैसे_थे
सगळे जण कुणाकडे द्यावी यावर भांडताय. मी म्हणतो, द्यावीच का? इंजिन फिरतं करा, ब्रेक करा, वायरिंग बदला, टायर घाला आणि चालवा. वडिलांनी ज्या जागी कोपर टेकवलं तिथला रंग उडालाय, तो उडालेलाच चांगला दिसतो. ११ लाखांत जी गाडी परत येईल ती वडिलांची नसेल.

शिवाय नियम बघा. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, धंद्याची नसलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तुमची १९६८ ची आरामात बसते. जास्त कापाकापी केलीत तर तपासणीत कुणीतरी बोट ठेवेल.

आरटीओबाहेरचा
@जैसे_थे, अर्धवट सांगून लोकांना घाबरवू नका. फेरफार आणि दुरुस्ती यात फरक आहे. सडलेल्या पत्र्याच्या जागी तसाच पत्रा बसवणं म्हणजे छप्पर कापून उघडी गाडी करणं नव्हे. त्याआधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं ठेवा म्हणजे दाखवायला काहीतरी राहतं. इथे घाटमाथांच्या वहीला माझं मत.

दुसरं, व्हिंटेज नोंदणी हवीच का हे आधी ठरवा. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रविवारी बायकोला घेऊन नरसोबाच्या वाडीला जायचं असेल तर साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करत राहा.

आणि ज्यावर इथे कोणीच बोललं नाही ते: नंबर. बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर. आरटीओत त्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून प्रिंट घेतात. एका उत्साही दुकानानं गंज घालवताना ग्राइंडर असा फिरवला की नंबराची जागा आरशासारखी गुळगुळीत. मालक दीड वर्ष माझ्या टेबलासमोर. गाडी देतानाच दोन्ही नंबरांची प्रिंट स्वतः काढून ठेवा आणि दुकानाकडून लिहून घ्या की ब्लॉक बदलणार नाही.

घाटमाथा
@आरटीओबाहेरचा, वाडीचंच ठरलंय, कसं ओळखलंत? ब्लॉक बदलायचा नाही. मिस्त्री म्हणाला होता की आधीच चाळीस साइजचे, म्हणजे मूळपेक्षा मोठे, पिस्टन आहेत, अजून एकदा बोअर होईल (सिलिंडर कातून रुंद करता येईल), नाहीतर आत नवीन नळी, स्लीव्ह. मूळ बोअर ६८ मिलिमीटर.
@जैसे_थे, कोपराची जागा मीही राखून ठेवणार होतो. पण त्याच दरवाज्याच्या तळाला हात आरपार जातो.

न्यूजर्सीकर
मी वही आणि फोटो दोन्हींवर विश्वास ठेवून पोळलोय. इथे बसून दर महिन्याला पैसे पाठवायचो, तिकडून दर महिन्याला फोटो. प्रायमर मारलेला डावा दरवाजा. पुढच्या महिन्यात उजवा. मावसभाऊ म्हणाला, अरे दोन्हींत मागे भिंतीवर तेच कॅलेंडर, तोच महिना, आणि उजवा दरवाजा म्हणजे डाव्याचाच उलटा केलेला फोटो, कॅलेंडरवरची अक्षरं उलटी आहेत! गाडी सात महिने ताडपत्रीखाली होती.

तेव्हा माझं मत दूरच्या स्टुडिओच्या विरोधात. जिथे तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा न सांगता जाऊन चहा पिऊ शकता ते दुकान चांगलं. सांगली ते पुणे किती वेळा जाणार? तुमची फियाट आहे, कोल्हापूरच्या दसऱ्याला निघणारी राजघराण्याची जर्मन मेबॅक नव्हे, की माणसं जर्मनीहून येऊन करतील.

सांगलीची_सून
हे मात्र पटलं. आम्ही पुण्याला दोनदाच गेलो होतो, दोन्ही वेळा आधी फोन करून. दोन्ही वेळा गाडी नेमकी पुढे काढून ठेवलेली.

घाटमाथा
स्टुडिओला फोन केला. पत्रा कोण करतो विचारलं, तर ‘आमची टीम’. टीम कुठे बसते विचारलं, तर म्हणे ते सांगता येत नाही. पेटीचा प्रश्न विचारला, त्यावर ‘सर, तुम्ही व्हिजिट करा, आपण प्रेझेंटेशन देऊ’.

माझं मूळ मत बदललं असं नाही. वही लागतेच. पण ती दुकानात मिळत नाही, आपणच घेऊन जावी लागते, एवढं नानापेठकरांचं मान्य करतो. रविवारी मिस्त्रीकडे जातोय. पन्नास डबे, मार्कर पेन, दोनशे पानी वही आणि चुंबक. पत्र्याचं काम त्याचं, मजुरी दर शनिवारी झालेल्या कामाची, आगाऊ नाही. रंगाचं नंतर बघू. तो आधी मला दारात उभा करतो का ते बघायचं, टेम्पोत गाडी भरताना मी बरंच बोललो होतो.

नानापेठकर
उभा करेल. जाताना कंदी पेढे न्या.
जाळीचा फोटो टाका, जुना असला तरी चालेल. डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी, सगळ्यांच्या जाळ्या वेगळ्या. माझ्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन आहेत, कुठल्या त्या उतरवल्याशिवाय कळणार नाही.

घाटमाथा
वडील आणि मी, १९७९, गाडीसमोर. जाळी अर्धीच दिसते, अर्धी माझ्या पोटामागे आहे. चालेल का?

नानापेठकर
चालेल. माळ्यावर चढतो.