शेतात जायची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने अडवली – कलम १४३ की मामलेदार कोर्ट?

गट_१८७:

नमस्कार मंडळी. सगळी माहिती एकदाच देतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

आमची अडीच एकर जमीन पाणंदीपासून आत आहे. पाणंदीवरून शेजारच्या गटाच्या पूर्व बांधाला धरून साधारण ३५० फूट गाडीवाट होती. बैलगाडी, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली सगळं तिथूनच जायचं. १४ जूनला शेजाऱ्याने वाटेच्या तोंडाशी जेसीबीने चर मारला, दोन दिवसांनी तारेचं कुंपण ओढलं. बांधावरून चालत जाता येतं, वाहन जात नाही. जुलैत तलाठ्याकडे साधा अर्ज दिला. त्याला तोंडी समज दिली, तेवढंच. आता ऑक्टोबर सुरू आहे, डिसेंबर-जानेवारीत तोड येईल.

कुणी सांगतं तहसीलदाराकडे १४३ चा अर्ज करा, कुणी मामलेदार कोर्ट म्हणतं, कुणी थेट दिवाणी दावा. शेजारी म्हणतो, "सातबाऱ्यावर रस्ता दाखवा, मग बोला." सातबाऱ्यावर नोंद नाही हे खरं आहे. नेमकं काय करावं? आणि चर आपणच बुजवला तर चालेल का?

---

महसूल_कायदा:

दादा, आधी तारीख बघा. तुमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५(२) खाली दावा करायचा (हे मामलेदार कोर्ट तहसीलदारच चालवतात) तर पहिला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. १४ जूनपासून मोजलं तर मुदत डिसेंबरच्या मध्याला संपते. कुंपण दोन दिवसांनी ओढलं म्हणून १६ जून धरू नका, चर मारला तीच तारीख धरा. तलाठ्याला दिलेल्या अर्जाने ही मुदत थांबत नाही. "आम्ही जुलैतच तक्रार केली होती" असं सांगणारे खूप लोक या एका मुद्द्यावर हरतात.

आता दोन्ही कलमांतला फरक. कलम ५(२) हे असलेली वाट अडवली तर ती मोकळी करून घेण्यासाठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ हे शेतात जायला वाटच नसेल तेव्हा लगतच्या गटांच्या हद्दीवरून नवी मागण्यासाठी आहे. तुमची वाट जूनपर्यंत चालू होती, म्हणून तुमचा मार्ग ५(२). सातबाऱ्यावर नोंद असावी अशी अट या कलमात नाही, त्यात रूढीने वापरात असलेल्या वाटाही येतात. तहसीलदारासमोर तीनच गोष्टी ठरतात: वाट वापरात होती का, समोरच्याने कायदेशीर मार्ग सोडून ती अडवली का, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला का.

चर स्वतः बुजवू नका. बुजवलात तर शेजारी नुकसानीची आणि दमदाटीची तक्रार देईल, आणि वाटेचा वाद बाजूला राहून तुम्ही पोलीस ठाण्याच्या चकरा मारत बसाल. चर आणि कुंपण आहे तसं असताना त्याचे फोटो काढून ठेवा. चाकोरी अजून दिसत असेल तर ती टेप लावून, रुंदी कळेल अशा पद्धतीने टिपा. पावसाळ्यानंतर गवत वाढलं की खुणा जातात.

---

काळीमाती:

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. पण एक व्यवहाराची गोष्ट: एकाच अर्जात दोन्ही कलमं टाकावीत का? तालुक्याला टंकलेखक सर्रास "कलम १४३ व कलम ५(२) अन्वये" असा मथळा करून देतात.

---

महसूल_कायदा:

टाकू नयेत. एका कलमात म्हणता वाट होती, दुसऱ्यात म्हणता वाट नाही, द्या. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे दाखवतो. तहसीलदाराने दुर्लक्ष करून निकाल दिला तरी तो वर टिकणं अवघड जातं, कारण दोन्हींचे मुद्दे वेगळे, चौकशी वेगळी आणि निकालाविरुद्ध जायची वाटही वेगळी.

१४३ च्या निकालावर प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) कलम २४७ खाली अपील ६० दिवसांत, किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा. दावा दाखल झाला की अपील-फेरतपासणी बंद. ५(२) च्या निकालावर अपीलच नाही. कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे फेरतपासणी, ती अधिकार सोपवल्यामुळे बहुतेक ठिकाणी प्रांतच ऐकतात. चुकीच्या नावाने अर्ज गेला की महिनोन्महिने फुकट जातात.

---

दिवाणी_वकिलीण:

दाव्याच्या मसुद्याबद्दल लिहिते, कारण तिथे फार ढिलाई होते.

मामलेदार कोर्टात जातो तो नुसता "मेहेरबान तहसीलदार साहेब, रस्ता मिळावा" असा विनंती अर्ज नसतो, तो दावा असतो. कलम ७ प्रमाणे त्यात दोन्ही पक्षांची नावं, वय, धंदा, राहण्याचा पत्ता, वाटेचं वर्णन, अडथळ्याचं स्वरूप, कारण घडल्याची तारीख, कसं घडलं, मागणी काय, आणि कागदपत्रं व साक्षीदारांची यादी लागते. शेवटी सत्यापन आणि सही. यातलं काही राहिलं तर तहसीलदार शपथेवर विचारून पूर्ण करून घेऊ शकतात, पण त्यावर विसंबू नका.

वाटेचं वर्णन असं करा की परक्या माणसालाही कागद हातात घेऊन जागेवर उभं राहता आलं पाहिजे. कुठल्या पाणंदीवरून सुरू होते, कुठल्या गटाच्या कुठल्या बांधाने जाते, कुठे संपते, लांबी किती, रुंदी किती. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा, त्यावर दिशा, गट नंबर आणि चर-कुंपणाची जागा. "पूर्वापार रस्ता खुला करावा" एवढाच आदेश मिळाला तर अंमलबजावणीला गेलेला मंडळ अधिकारी बांधावर उभा राहून विचारतो, नेमका कुठून? शेजारी एक बाजू दाखवतो, तुम्ही दुसरी, आणि पथक परत जातं.

प्रतिवादी करताना शेजाऱ्याचा ताजा सातबारा काढा. त्यावर जितके सहहिस्सेदार असतील तितके सगळे घ्या, बहिणींसह. कुणी मयत असेल तर वारस. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला नोटीसच नाही, या कारणावर चांगला निकालही परत फेरचौकशीला येतो. त्या वाटेचा काही भाग तिसऱ्याच गटाला लागत असेल तर तो खातेदारही हवा.

पुरावा म्हणून गावातल्या पाच जणांचे एकसारखे मजकुराचे शपथपत्र सगळे आणतात, त्याला फारसं वजन राहत नाही. त्यापेक्षा हे शोधा:

– आजूबाजूच्या गटांची जुनी खरेदीखतं. चतुःसीमेत "पूर्वेस रस्ता" किंवा "गाडीवाट" असा उल्लेख असेल तर तो भक्कम, आणि शेजाऱ्याच्याच खतात निघाला तर काम बरंच हलकं होतं.
– गाव नकाशा, भूमि अभिलेख कार्यालयातून. त्यावर तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी म्हणजे पायवाट. तुमची वाट तिथे असेल तर प्रश्न निराळाच, मग ती अतिक्रमण म्हणूनच मोकळी करून मागता येते.
– गूगल अर्थवरची मागच्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं, तारखेसह छापून. बांधालगतची चाकोरी उन्हाळ्याच्या चित्रात बऱ्याचदा स्पष्ट दिसते.

साक्षीदार घ्यायचा तर ज्याने तुमच्या शेतात ट्रॅक्टर नेला तो चालक घ्या. त्याला उलटतपासात काय विचारणार ते आधी समजावून सांगा, पण उत्तरं पाठ करून घेऊ नका.

---

गट_१८७:

फार उपयोगी. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, ही अडीच एकर वडिलांनी १९९८ साली याच शेजाऱ्याच्या वडिलांकडून घेतली. मूळ गट एकच होता. खरेदीखतात वाटेचा शब्द नाही. दोन, आमच्या पश्चिमेला ओढा आहे. ओढ्यातून उन्हाळ्यात ट्रॅक्टर कसाबसा येतो, पावसाळ्यात आणि थंडीत नाही. शेजारी तेच दाखवून म्हणतो, "तुम्हाला दुसरी वाट आहे."

---

दिवाणी_वकिलीण:

पहिल्या गोष्टीने तुमच्या हातात आणखी एक हक्क येतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम १३: एकाच मालकाची जमीन तुटून विकली गेली आणि विकलेल्या तुकड्याला जायला विक्रेत्याच्या उरलेल्या जमिनीशिवाय वाट नसेल, तर वाट कायद्यानेच गृहीत धरली जाते. खतात शब्द नसला तरी. त्यासाठी २० वर्षं मोजावी लागत नाहीत. २० वर्षांची अट कलम १५ च्या वहिवाटीच्या हक्कासाठी आहे. तुमची तीही भरते, पण तिथे अडथळ्यापासून दोन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो, हे टिपून ठेवा.

ओढा मात्र इथेच आडवा येतो. कलम १३ ला निकड लागते, नुसती गैरसोय पुरत नाही. वर्षातले काही महिनेच वाहन येतं, पेरणी आणि तोडीच्या वेळी येत नाही, हे तुम्हाला पुराव्याने दाखवावं लागेल. पावसाळ्यातल्या ओढ्याचे फोटो काढले नसतील तर आत्ता, पाणी आहे तोवर काढा.

मामलेदार कोर्टात हा मुद्दा तितका जड जात नाही. तिथे प्रश्न चालू वाट अडवली का हा आहे, दुसरी वाट सोयीची आहे का हा नाही. म्हणून पुन्हा तेच सांगते: आधी ५(२).

---

महसूल_कायदा:

ओढ्याचा मुद्दा १४३ मध्ये तुमच्या सगळ्यात जास्त आड आला असता. तिथे तहसीलदार शेतीसाठी वाजवी प्रवेशाची गरज पाहतात, आणि दुसरा रस्ता आहे का हा पहिला प्रश्न असतो. शिवाय १४३ खाली वाट हद्दीवरूनच देता येते. दुसऱ्याच्या शेताच्या मधून दिली तर तो आदेश टिकत नाही. उद्या ५(२) चा दावा मुदतीवर किंवा पुराव्यावर गेलाच, तर १४३ चा स्वतंत्र अर्ज करता येतो, त्याला सहा महिन्यांची मुदत नाही.

रुंदीबद्दल: मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते शक्य तिथे ३ ते ४ मीटर रुंद द्यावेत, प्रकरणं ९० दिवसांत निकाली काढावीत आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी, असा शासन निर्णय काढला. अर्जात त्याचा आधार घ्या. पण ५(२) मध्ये मागणी वापरात होती तेवढ्याच रुंदीची करा. नऊ फुटांची वाट होती तिथे बारा मागितले की साक्षीदारच अडचणीत येतात.

स्थळपाहणीच्या दिवशी हजर राहाच. पंचनाम्यात चर आणि कुंपण, चाकोरी, बांधाची स्थिती, ओढ्याकडची बाजू हे सगळं लिहिलं गेलं का, ते वाचूनच सही करा. राहिलं असेल तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या.

---

काळीमाती:

तोडीचं काय? निकाल जानेवारीच्या आत येईल या भरवशावर ऊस उभा ठेवणं धोक्याचं. गावात बसून यंदापुरती वाट मागितली तर?

---

दिवाणी_वकिलीण:

मागावी, पण कागद जपून करावा. गावातला कुणीतरी "सदर शेतकऱ्यास माझ्या परवानगीने या हंगामापुरता रस्ता दिला आहे" असं लिहून आणेल आणि ऊस जावा म्हणून तुम्ही सही कराल. तो परवानगी शब्द पुढे दिवाणीत तुमच्या मुळावर येतो. कलम १५ चा हक्क हक्काने केलेल्या वापरातून मिळतो, परवानगीच्या वापरातून नाही. असं लिहा: "दोन्ही पक्षांचे हक्क व चालू दाव्यातील मुद्दे अबाधित ठेवून, ऊसतोडीच्या कालावधीत वाहनांची ये-जा राहील." तारीख, दोन साक्षीदार, आणि प्रत दाव्यात दाखल करा. वाट अडवली होती आणि तात्पुरती मोकळी केली, हे त्यात आपोआप येतं. शेजारी अशा मजकुरावर सही करायला तयार नसेल तर तोंडी चालवा, पण परवानगीच्या कागदावर सही नको.

हे जमलं नाही, तर दिवाणी न्यायालयात दावा लावून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागणं हा मार्ग राहतो. मामलेदार कोर्टात दावा चालू असेल तर दिवाणी दाव्यात ते उघड सांगा. लपवलं आणि बाहेर आलं तर हुकूम तिथेच गेला. आणि शेजारी दिवाणीत जाऊन एकतर्फी स्थगिती घेईल असं वाटत असेल, तर त्याच संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, लावून ठेवा. ते ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा लावावं लागतं.

---

गट_१८७:

समजलं. निकाल आमच्या बाजूने लागला आणि त्याने पुन्हा चर मारला तर?

---

महसूल_कायदा:

मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे आदेशाची अंमलबजावणी तहसीलदारच करून देतात. गरज असेल तर पोलीस बंदोबस्तात, त्यासाठी वेगळा अर्ज द्यायचा. वाट मोकळी झाल्याचा पंचनामा आणि फोटो मागून घ्या. मनाई आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. पण तक्रार टिकण्यासाठी आदेश त्याला मिळाल्याची पोच तुमच्याकडे हवी. नोटीस नाकारली असेल तर घरावर चिकटवल्याचा पंचनामा करून घ्या.

त्याचबरोबर तलाठ्याकडे आदेशाची प्रत देऊन इतर हक्कात नोंदीसाठी अर्ज करा आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा ठेवा. शेजाऱ्याने उद्या जमीन विकली तर नवा खरेदीदार सातबारा बघूनच बोलणार आहे.