संगमरवरातलं +९‰ कार्बन-१३ मूल्य जुन्या समुद्राचं मानावं का?

ट्रेमोलाइट_पट्टा: अरवलीतल्या डोलोमाइटी संगमरवरात कार्बन-१३ (कार्बनचं जड समस्थानिक) ची मूल्यं +५ ते +९‰ (व्हीपीडीबी या प्रमाणाच्या तुलनेत दर हजारी फरक) आली आहेत, ट्रेमोलाइट या रूपांतरणात बनणाऱ्या खनिजाच्या पट्ट्यांत मात्र +१ च्या आसपास. हा लोमागुंडी घटनेचा, म्हणजे साधारण २२२ ते २०६ कोटी वर्षांपूर्वीच्या, कार्बन-१३ वाढलेल्या समुद्राचा ठसा, की रूपांतरणामुळे (खडक उष्णता-दाबानं बदलल्यामुळे) आकडे चढलेत?

गारगोटी: रूपांतरणात आकडे सहसा चढत नाहीत, उतरतात. ५ डोलोमाइट आणि ८ क्वार्ट्झ (शिवाय पाणी) यांतून १ ट्रेमोलाइट, ३ कॅल्साइट आणि ७ कार्बन डायऑक्साइड होतात. म्हणजे दहातले सात कार्बन निसटतात, आणि निसटणाऱ्या वायूत कार्बन-१३ थोडा जास्त असतो. त्यामुळे संशय +९ वर नाही, +१ वर घ्या. पण एवढ्यानं फार तर दोन-तीन ‰ घट होते. बाकीची घट शेजारच्या कार्बनयुक्त फिलाइटमधून (चिखलापासून बनलेल्या रूपांतरित खडकातून) आलेल्या हलक्या कार्बनची असू शकते, तेव्हा पट्ट्यालगत ग्राफाइट (शुद्ध कार्बनचं खनिज) आहे का ते पाहाच. पट्ट्यांचे आकडे सरासरीत अजिबात धरू नका.

आम्लपात्र: नमुना कसा घेतला? आधी कापलेल्या पृष्ठावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातला अलिझरिन रेड एस हा रंग लावा: कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट होत नाही. मग बारीक ड्रिलनं एकाच खनिजाची १००–२०० मायक्रोग्रॅम पूड काढा. मोजणीसाठी कार्बन डायऑक्साइड काढताना फॉस्फोरिक आम्लात कॅल्साइट झटपट विरघळतं, डोलोमाइट रेंगाळतं. वेळ कमी दिला तर उशिराच्या शिरांतलं कॅल्साइटच मोजलं जातं आणि आकडा डोलोमाइटचा म्हणून छापला जातो. प्रत्येक फेरीत एनबीएस-१८ आणि एनबीएस-१९ हे ज्ञात मूल्यांचे प्रमाण नमुने ठेवा. ऑक्सिजनच्या समस्थानिकांसाठी डोलोमाइटचा आम्ल-गुणांक (आम्लातून निघालेल्या वायूवरून खनिजाचं मूल्य काढायची दुरुस्ती) वेगळा लागतो. कार्बनला तो प्रश्न नाही.

गारगोटी: त्यात भर: मँगनीज-स्ट्रॉन्शियम गुणोत्तरही मोजा (पाण्यानं खडक बदलला की ते वाढतं). ते १० च्या खाली असेल आणि कार्बन व ऑक्सिजनची समस्थानिक मूल्यं सोबत उतरत नसतील, तर शुद्ध थरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ऑक्सिजन एकटाच ढळलेला दिसला तर घाबरू नका. पाण्यात ऑक्सिजन भरपूर आणि कार्बन नगण्य, म्हणून तोच आधी बदलतो.

खोल_समुद्र: आकडे टिकले तर अर्थ मोठा आहे. आत येणारा कार्बन −५‰ आणि कार्बोनेट-सेंद्रिय फरक ३०‰ धरला, तर कार्बोनेटचं मूल्य ० असताना सुमारे १७ टक्के आणि +९ असताना ४७ टक्के कार्बन सेंद्रिय रूपात गाडला जातो. तेवढा ऑक्सिजन मोकळा होतो. पण हे गणित साऱ्या समुद्राचं आहे. उथळ, बंदिस्त खोऱ्यात स्थानिक कारणांनीही मूल्य चढतं. अरवलीतच झामरकोटड्याच्या फॉस्फेटयुक्त स्ट्रोमॅटोलाइटी (सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या) डोलोमाइटची मूल्यं शून्याजवळ आहेत. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर थराची जागा आणि तो ज्यांच्याशी जुळवला ते खडक लिहा, नाहीतर दोन वेगळी वातावरणं एकाच आलेखात मिसळतील.