क्वेरी संपली, पण स्क्रीन (एंड) वर अडली: पेजरचे अनुभव

विहिरीवरचा_रहाट
आज ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "क्वेरी हँग झालीय, कंट्रोल-सी दाबूनही सुटत नाही." तळाशी (एंड) लिहिलेलं. म्हणजे क्वेरी केव्हाच संपली होती, उघडा होता तो लेस, म्हणजे मोठा निकाल पानापानाने दाखवणारा प्रोग्राम (पेजर). हा प्रश्न दर नव्या बॅचला पडतो, म्हणून हा धागा. पीएसक्यूएल (पोस्टग्रेएसक्यूएलचा कमांड-लाइन क्लायंट), मायएसक्यूएल, ओरॅकल, कशाचंही लिहा. काय अडलं आणि नेमकं काय केल्यावर सुटलं तेवढं येऊ द्या.

सुरुवात माझ्याकडून: आधी क्यू दाबून बाहेर या. मग पीएसक्यूएलमध्ये \पीसेट पेजर ऑफ. नुसतं \पीसेट पेजर लिहिलं तर चालू असेल ते बंद आणि बंद असेल ते चालू होतं, म्हणून ऑफ हा शब्द लिहाच. हे त्या सेशनपुरतं राहतं.

खारी_आणि_चहा
कायमचं हवं असेल तर होम फोल्डरातल्या .पीएसक्यूएलआरसी मध्ये (पीएसक्यूएल सुरू होताना ही फाइल वाचतं) तीच ओळ टाका. तिच्या वर \सेट क्वाएट १ आणि खाली \अनसेट क्वाएट, नाहीतर प्रत्येक लॉगिनला "पेजर यूसेज इज ऑफ" छापून येतं. विंडोजवर फाइलचं नाव वेगळं, ॲपडेटातल्या पोस्टग्रेएसक्यूएल फोल्डरात पीएसक्यूएलआरसी.कॉन्फ.

टर्मिनलवाली
आणि स्क्रिप्टमध्ये -मोठा एक्स असेल तर ही फाइल वाचलीच जात नाही! "आरसी मध्ये लिहिलंय तरी पेजर येतो" याचं कारण बरेचदा हेच. तिथे कमांडलाच -पी पेजर=ऑफ जोडा. पी मोठा हवा. लहान पी म्हणजे पोर्ट, मग पोर्ट नंबर चुकीचा म्हणून एरर येते.

शेवग्याची_शेंग
माझा प्रश्न आहे. रेकॉर्ड फक्त २ येतात तरी पेजर उघडतो. पेजर_मिन_लाइन्स (इतक्या ओळींहून कमी निकालाला पेजर नको) ५०० ठेवून पाहिलं, काही फरक नाही. पेजर ऑलवेज वर नाहीये, ते तपासलं.

विहिरीवरचा_रहाट
@शेवग्याची_शेंग, टेबल रुंद आहे का? कॉलम किती?

शेवग्याची_शेंग
४० च्या वर. त्यात एक जेसनचा आहे.

विहिरीवरचा_रहाट
मग तेच. पीएसक्यूएल उंची बघतं तशी रुंदीही बघतं. ओळ टर्मिनलच्या रुंदीत मावली नाही की पेजर उघडतो, ओळी २ असोत की २०००. पेजर_मिन_लाइन्स फक्त ओळी मोजतं, म्हणून तुमच्याकडे त्याचा काही उपयोग होत नाही. \एक्स ऑटो करा. रुंद निकाल आला की तो आपोआप उभा छापला जाईल, एका ओळीत एक कॉलम. मात्र ४० कॉलम गुणिले २ म्हणजे ८० हून जास्त ओळी, तेव्हा उंचीमुळे पेजर येईल. पण आता तुमचं ५०० कामाला येईल, कारण प्रश्न ओळींचा उरलाय. दोन्ही एकत्र ठेवा.

शेवग्याची_शेंग
झालं!! \एक्स ऑटो आणि ५०० दोन्ही. दोन दिवस डोकं खाल्लं होतं ह्याने. धन्यवाद दादा.

डोंगरझाडी
आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ डॉकरचा. डॉकर एक्झेक -आयटी ने कंटेनरच्या आत पीएसक्यूएल -एफ चालवलं की स्क्रिप्ट अर्ध्यात थांबते. पीएसक्यूएल पेजर तेव्हाच लावतं जेव्हा इनपुट आणि आउटपुट दोन्ही टर्मिनलला जोडलेले असतात. -टी ने टर्मिनल तयार होतं म्हणून पेजर येतो. टी काढा, नुसता -आय ठेवा. एसएसएच ला -टी देऊन चालवताय तरी तेच.

याच नियमामुळे -एफ फाइल.एसक्यूएल दिलं तर अडतं आणि तीच फाइल < ने आत सोडली तर अडत नाही, कारण इनपुट टर्मिनल उरत नाही. शेवटी | कॅट लावलं तर आउटपुट टर्मिनल उरत नाही, तेही चालतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) म्हणूनच हा त्रास कधी दिसत नाही, हाताने चालवलं की दिसतो.

ओटीवरून
त्यात अजून एक. पेजर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोणता पेजर वापरायचा ते सांगणारं) लेसवर सेट आहे आणि कंटेनरमध्ये लेसच नाही, तर निकाल दिसतच नाही. फक्त "लेस: नॉट फाउंड". लोक समजतात टेबल रिकामं आहे. अल्पाइनच्या इमेजमध्ये बिझीबॉक्सचा लेस असतो, त्याला मोठ्या लेसचे सगळे पर्याय कळत नाहीत, तिथे पर्याय न देता चालवून बघा.

खारी_आणि_चहा
@ओटीवरून +१. टेबल रिकामं वाटून डेटा पुन्हा भरायला निघालेले लोक पाहिलेत. अशा वेळी आधी सिलेक्ट काउंट, एक ओळ येते, पेजर मध्ये येत नाही.

टर्मिनलवाली
कृपया कुणी एक्सपोर्ट पेजर=कॅट करू नका!! सुचवणारे फार आहेत. त्याने मॅन, गिट लॉग, सगळंच धाडधाड वाहून जातं. आवृत्ती ११ पासून पीएसक्यूएल_पेजर हे वेगळं व्हेरिएबल आहे, पेजरच्या आधी तेच वाचलं जातं. ते रिकामं ठेवलं की फक्त पीएसक्यूएलचा पेजर बंद, बाकी सगळं जिथल्या तिथे.

कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

सांजवात
मला पेजर पूर्ण बंद करणं पटत नाही. ५००० ओळी वाहून गेल्यावर वरचं शोधायचं कुठे? पीएसक्यूएल_पेजर मध्ये लेस -एसएफएक्स लिहा, तिन्ही मोठी अक्षरं. एस ने लांब ओळी मोडत नाहीत, डाव्या-उजव्या बाणाने सरकायचं. एफ ने निकाल एका स्क्रीनवर मावला तर लेस स्वतःच बंद होतो. एक्स ने बाहेर पडल्यावर निकाल स्क्रीनवर राहतो, पुसला जात नाही. वरच्या २ रेकॉर्डच्या तक्रारीवरही हे चालतं, पेजर उघडेल पण लगेच मिटेल.

जुन्या लेसमध्ये एक्स न देता नुसता एफ दिला तर छोटा निकाल दिसायच्या आत गायब व्हायचा. जुन्या सर्व्हरवर हे अजून भेटतं.

डोंगरझाडी
टेबलं रोज बघणाऱ्यांनी पीएसपीजी लावून पाहा. पाव्हेल स्टेहुले यांचं आहे, खास डेटाबेसच्या निकालांसाठी. हेडर आणि डावीकडचा कॉलम जागेवर राहतो, बाकीचं सरकतं. त्यानंतर नुसता लेस नको वाटतो.

नदीकाठ
लेसमध्ये मराठी नावं <ई०><ए४> अशी दिसतात त्याचं काय? गावांच्या नावांचं टेबल आहे. पेजर बंद केला की बरोबर दिसतात.

सांजवात
@नदीकाठ, पेजर बंद केल्यावर बरोबर दिसतात म्हणजे डेटा आणि क्लायंट_एन्कोडिंग ठीक आहे. लेसला लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) कळलेलं नाही. लोकेल कमांड चालवून बघा, बहुतेक सी किंवा पॉझिक्स असेल. लँग मध्ये यूटीएफ-८ चं लोकेल द्या, ते सर्व्हरवर बसवलेलं नसेल तर लेसचारसेट=यूटीएफ-८ केलं तरी पुरतं.

नदीकाठ
लेसचारसेटने आलं! मात्र उभ्या रेघा वाकड्या.

सांजवात
त्या राहतील. काना-मात्रा-वेलांटीची रुंदी पीएसक्यूएल एक मोजतं आणि टर्मिनल दुसरीच काढतं. देवनागरीसाठी \एक्स ऑन बरं, रेघांवर काही अवलंबून राहत नाही.

पाटावरवंटा
मायएसक्यूएलचं कुणीच लिहिलं नाही. तो क्लायंट स्वतःहून पेजर लावत नाही. लागला असेल तर .माय.सीएनएफ मध्ये कुणीतरी लिहिलंय. मायएसक्यूएल --प्रिंट-डिफॉल्ट्स ने दिसेल. चालू सेशनमध्ये नोपेजर किंवा \एन, सुरू करतानाच नको असेल तर --स्किप-पेजर. आणि .माय.सीएनएफ मध्ये पेजरची ओळ [मायएसक्यूएल] खालीच लिहा. [क्लायंट] खाली लिहिली तर मायएसक्यूएलडंपही ती वाचतो आणि अननोन व्हेरिएबल म्हणून बंद पडतो. रात्रीचा बॅकअप त्यामुळे थांबतो आणि सकाळपर्यंत कळत नाही, म्हणून हे जोर देऊन लिहितोय.

पेजरचा चांगला उपयोगही आहे: पेजर एमडी५सम करून क्वेरीची जुनी आणि नवी आवृत्ती चालवा, आकडा तोच आला तर निकाल तोच. दोन्हीकडे ऑर्डर बाय हवंच.

ओटीवरून
एमडी५समचं मस्त. आजच करतो.

जुनी_पितळ
ओरॅकल एसक्यूएल प्लसमध्ये पेजर नाही, पण सेट पॉज ऑन असेल तर पहिल्या पानाच्या आधीच एंटरची वाट बघत बसतं, स्क्रीन कोरी. शो पॉज ने तपासा, सेट पॉज ऑफ. लॉगिन.एसक्यूएल किंवा जीलॉगिन.एसक्यूएल मध्ये असतं. दर थोड्या ओळींनी हेडर पुन्हा येतं ते पेजसाइजमुळे, मुळात १४ असतो. सेट पेजसाइज ५०००० केलं की ते इतक्यात परत येत नाही. ० केलं तर हेडरच जातं, फाइल काढायला तेच हवं असतं.

शेवग्याची_शेंग
मोंगोशमध्ये (मोंगोडीबीचा शेल) २० नंतर "आयटी" टाइप करा म्हणतं, ते पण पेजरच का?

जुनी_पितळ
नाही, तो कर्सरचा बॅच आहे. कॉन्फिग.सेट मध्ये डिस्प्लेबॅचसाइज वाढवा.

टर्मिनलवाली
आले परत. एक महत्त्वाचं राहिलं. बिगिन करून सिलेक्ट मारलं आणि लेस उघडा ठेवून जेवायला गेलात, तर ट्रान्झॅक्शन उघडीच राहते, लॉक तसेच. बिगिन नसेल तर पीएसक्यूएल आधी सगळा निकाल आपल्या मेमरीत आणतं, सर्व्हर मोकळा होतो. पण फेच_काउंट सेट असेल तर निकाल तितक्या ओळींच्या तुकड्यांत येतो (आवृत्ती १६ पर्यंत कर्सरने), म्हणजे लेस मिटेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडी, आणि त्या वेळात मेलेल्या (बदललेल्या वा पुसलेल्या जुन्या) ओळी व्हॅक्यूमला, म्हणजे डेटाबेसच्या साफसफाईला, काढता येत नाहीत.

पाटावरवंटा
मायएसक्यूएलला --क्विक दिलं असेल तर तसंच. पेजरमध्ये थांबलात की सर्व्हरही तुमच्यासाठी अडतो.

विहिरीवरचा_रहाट
@टर्मिनलवाली, हे माहीत नव्हतं. आमच्या सर्व्हरवर फेच_काउंट १००० आहे, सगळ्यांच्या आरसी मध्ये. उद्या पहिलं काम, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी मध्ये (चालू सेशन दाखवणारा व्ह्यू) आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून नुसतं बसलेलं, कोण आहे ते बघतो.